आउटबोर्ड मोटर दहा मिनिटांत बोंब मारते, काय तपासू?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात गोदाकाठी आम्ही काही मुलं पुराच्या दिवसांत बोट चालवतो. रबरी बोट आहे, मागे ४० एचपीची फोर स्ट्रोक आउटबोर्ड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या बोटीची किंमत सांगायला नको.

रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्यात ट्रायल घेतली. दहा मिनिटं झक्कास चालली. मग फुल थ्रॉटलला सलग पीऽऽ असा आवाज, लाल दिवा, आणि मोटर आपोआप मंदावली. कितीही रेस द्या, उचलेना. बंद करून पंधरा मिनिटं थांबलो, परत चालू केली, पाच मिनिटांत पुन्हा तेच. ऑइल डिपस्टिकवर बरोबर आहे. एक मेकॅनिक म्हणाला, बझरची वायर काढून टाका. मला ते पटत नाहीये. पावसाळा तोंडावर आलाय, कृपया सांगा.

मालवणकर:
वायर काढू नका! मोटर मंदावते ती स्वतःला वाचवायला. बझर बंद केलात तर आतला ताप कळणारच नाही, आणि इंजिन जाम होईल ते नेमकं पुराच्या मध्यात. आधी एक सांगा, मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार पडते ती कशी होती?

धागाकर्ता:
होती, पण पिचकारीसारखी नव्हती. अगदी बारीक, मधेच तुटत होती.

मालवणकर:
मग ऑइलपेक्षा पाण्याकडे बघा. मोटर बंद करून वर उचला. खालच्या पायाला दोन्ही बाजूंना जाळ्या असतात, इंजिन थंड करणारं पाणी तिथूनच आत जातं. गोदावरीत पाणवेली आणि प्लास्टिक, त्यामुळे पहिला संशय तिथे. मग धारेच्या भोकात बारीक तार हलक्या हाताने फिरवा. मोटर शेडमध्ये पडून असेल तर कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, मी स्वतः काढलंय. एवढं करूनही धार बारीक राहिली तर इम्पेलर. पंपातला हा रबरी पंखा पाण्यावरच वंगण घेतो, कोरडा फिरला की थोड्याच वेळात करपतो. घरी कधी पाण्याशिवाय चालू केली होती का?

धागाकर्ता:
केली होती. आवाज ऐकायला, अंगणात, दोनेक मिनिटं. कुणी सांगितलंच नव्हतं.

अंबडचा फिटर:
मग जवळजवळ नक्की तेच. त्यात पुराचं गढूळ पाणी रबर घासून काढतं. पंप उघडलात की जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली दिसली तर तो तुकडा सापडेपर्यंत मोटर पुन्हा जोडू नका. तो पाण्याच्या वाटेत वर जाऊन अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही अलार्म वाजतच राहतो. बसवताना शाफ्टवरची अर्धचंद्राची चावी (इम्पेलरला शाफ्टशी पकडून ठेवणारा छोटा तुकडा) विसरू नका, आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत बसवा, म्हणजे पाकळ्या बरोबर वळतात. शाफ्ट उलटा फिरवू नका.

धार जोरात असूनही तापली तर थर्मोस्टॅट, म्हणजे ताप वाढला की पाण्याची वाट उघडणारी झडप. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, थर्मामीटर लावून गरम करा. बऱ्याच मोटरींत तो ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आणि ऑइल मोटर उभी ठेवून, बंद करून काही मिनिटांनी तपासा, तिरकी असताना डिपस्टिक खोटं बोलते. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, मग चालवूच नका.

धागाकर्ता:
काल पंप उघडला. जाळीत पाणवेलीची मुळं होतीच, पण खरं दुखणं आत. इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी दोन कडक, काळ्या, आणि एकीचं टोक नखाएवढं तुटलेलं. तो तुकडा थर्मोस्टॅटच्या घरात, बरोबर तोंडाशी बसलेला सापडला. फिटर दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी नवा पंखा घालून मोकळा झालो असतो. थर्मोस्टॅटही पातेल्यात बघितला, ठीक उघडतो.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मोटर बुडवून वीस मिनिटं चालवली. धार हातभर लांब पडते, अलार्म नाही. ड्रममध्ये पूर्ण लोड येत नाही हे माहीत आहे, म्हणून रविवारी परत धरणावर नेतोय. वायर जागच्या जागीच आहे.

मालवणकर:
जुना इम्पेलर फेकू नका, मुलांना दाखवायला ठेवा. आणि नवा एक डब्यात घालून बोटीतच ठेवा.