मदत हवी आहे: ९ ते १२ वयाच्या मुलांसाठी इतिहास-भूगोल-पर्यावरणाची पुस्तकं कशी पारखायची?

शाईपेन:
वाचनालयातल्या मुलांच्या कपाटासाठी माहितीपर पुस्तकं घ्यायची आहेत. चित्रं बहुतेक सगळ्यांचीच देखणी असतात, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. एका पुस्तकाला दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. तेवढ्यात नेमकं काय तपासावं? कपाटात जुनी पुस्तकंही आहेत, ती ठेवावीत की काढावीत?

अक्षांश:
आधी प्रकाशनाच्या तपशिलाचं पान उघडा. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर पहिल्या आवृत्तीइतकाच जुना धरा. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तरच नवीन साल खरं माना.

मग नकाशे. प्रमाण, दिशा आणि खुणांची सूची या तिन्ही गोष्टी नसतील तर तो नकाशा म्हणजे नुसतं रंगवलेलं चित्र. जगाच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसत असेल तर ते मर्केटर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची अशी पद्धत, जिच्यात ध्रुवांजवळचे प्रदेश फुगलेले दिसतात. आफ्रिका प्रत्यक्षात सुमारे १४ पट मोठी आहे. असा नकाशा चालेल, पण शेजारी तसा खुलासा हवाच.

सगळ्यात जास्त घोळ ऋतूंच्या आकृतीत होतो. पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढली, की मुलं ठाम समजतात: सूर्य जवळ आला की उन्हाळा. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन हिवाळ्यात. ऋतू होतात ते २३.५ अंश कललेल्या अक्षामुळे. आकृतीत चारही ठिकाणी अक्ष एकाच दिशेला कललेला आहे का, एवढं बघा. हे चुकलेलं पुस्तक मी तरी घेणार नाही, बाकी कितीही चांगलं असो.

पिंपळपान:
इतिहासाच्या पुस्तकात मी कालरेषा आधी बघते. सगळ्या घटना सारख्या अंतरावर छापल्या असतील तर काळाचा अंदाजच येत नाही. गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० चा, क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पू. ३० मधला. म्हणजे ती पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची, आणि कालरेषेवर ते दिसायला हवं. पुस्तक बाकी चांगलं असेल तर मुलांकडूनच पट्टी करून घ्या: १ सेंमी = १० वर्षं. पाच मीटर कागदात काम होतं.

दुसरं, ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ याचं उत्तर पुस्तकात शोधा. पिरॅमिड गुलामांनी बांधले असं बेधडक लिहिणारी पुस्तकं अजून मिळतात. गिझाला बांधकाम करणाऱ्यांची वस्ती, पाव भाजायच्या जागा आणि थडगी सापडली आहेत; त्यावरून ते गुलाम नसून कामगार असावेत असं दिसतं. चांगला लेखक हा पुरावा मुलांसमोर ठेवतो. काल्पनिक चित्राखालीही ‘चित्रकाराच्या कल्पनेतून’ अशी ओळ हवी.

ओढा:
पर्यावरणाच्या पुस्तकात दोन पानं शोधा. पहिलं ओझोनचं. ओझोनच्या छिद्रातून ऊन आत येतं म्हणून तापमान वाढतं असं लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. ओझोन अतिनील किरण अडवतो. तापमानवाढीचं मुख्य कारण आहे कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडकवणारे वायू. दुसरं अ‍ॅमेझॉनचं. ‘जगाचा २० टक्के प्राणवायू तिथून येतो’ हे वाक्य सर्रास असतं. ते जंगल तयार करतं जवळपास तेवढा प्राणवायू तिथलीच झाडं आणि कुजणाऱ्या पाल्यातले जीव वापरून टाकतात. जंगल जपायची कारणं वेगळी आहेत आणि ती पुरेशी भक्कम आहेत.

जुनी पुस्तकं सरसकट काढू नका. राजकीय नकाशात दक्षिण सुदान नसेल तर तो २०११ च्या आधीचा. लोकसंख्या आणि देशांच्या सीमा लवकर जुन्या होतात. नद्या, खडक, ज्वालामुखी यांची पानं बरीच वर्षं चालतात.

शाईपेन:
धन्यवाद! एखाददुसरीच चूक असेल तर?

ओढा:
त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवा: पान क्रमांक, छापलेलं वाक्य, बरोबर माहिती, तारीख. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर असेल तर ‘डिसेंबर २०२० पासून ८८४८.८६’ एवढं पुरे. मजकुरावर चिकटवू नका, समासात लावा, म्हणजे जुनं-नवं दोन्ही वाचता येतं. एका पुस्तकात पाचाच्या वर चिठ्ठ्या लागल्या तर ते कपाटातून काढा.