आनंदीबाई म्हटलं की फक्त 'ध चा मा'च का?

गुहागरची_लेक:
बहिणीच्या मुलीचं बारसं रविवारी आहे, नाव आनंदी ठरलंय. काल फॅमिली ग्रुपवर एका काकांनी पोस्ट टाकली, 'आनंदी नाव ठेवू नये, पेशवाईचा घात करणाऱ्या बाईचं नाव आहे, नावाचे गुण उतरतात.' खाली सात जणांनी हात जोडले. बहीण बाळंतीण आहे हो, रडायला लागली बिचारी. रात्रभर झोप नाही मला, म्हणून इथे लिहितेय.

काकांना एकच आनंदीबाई माहीत आहे. कल्याणच्या जोश्यांची आनंदी, जी १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली आणि १८८६ ला फिलाडेल्फियात एम. डी. झाली, तिचे गुण नाही का उतरत? आनंदीबाई शिर्के, कथा लिहिणाऱ्या, 'सांजवात' लिहिणाऱ्या? कर्व्यांची आनंदीबाई, हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरलेली? त्यातली एकही नाही आठवत, आठवते ती राघोबादादांची बायको. आणि ती तर आमच्या गुहागरची, ओकांची लेक, म्हणून मला जरा जास्तच लागतं.

शनिवारवाडा१७:
तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं, पण इतिहास इतिहास आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, गारदी वाड्यात घुसले, नारायणराव पेशवे 'काका मला वाचवा' म्हणत राघोबाला जाऊन बिलगले तरी कापले गेले. अठरा वर्षांचं पोरगं. हुकूम 'धरावे' होता, तो 'मारावे' कोणी केला हे शाळेतलं पोर सांगेल. डॉक्टर आनंदी थोरच, पण तिच्यामुळे ही धुतली जात नाही.

मोडीवेडा:
शाळेतलं पोर सांगेल, कारण शाळेत तसं सांगितलं जातं. दादा, हुकमाचं ते खाडाखोड केलेलं पत्र तुम्ही स्वतः पाहिलंय का? मी मोडी वाचतो, मला दाखवा, मी वाचून सांगतो. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबाला, तेही तोंडावर. बारभाई, म्हणजे पेशव्यांचे कारभारी, उभे राहिले ते राघोबाविरुद्ध. नारायणरावांनी नजरकैदेत ठेवलेला राघोबा, गादी हवी होती राघोबाला, आणि खापर फुटलं बायकोच्या डोक्यावर.

आणि त्यात नाटक-सिनेमाची भर. १९४४ चा प्रभातचा 'रामशास्त्री' आठवा, आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार. माझ्या आजीला आनंदीबाई म्हटलं की तोच चेहरा दिसायचा.

शनिवारवाडा१७:
पत्र मी पाहिलेलं नाही. पण म्हणून बाई निर्दोष ठरते का? घरात कट शिजतोय आणि बायकोला पत्ता नाही, हे तुम्हाला पटतं?

मोडीवेडा:
माहीत असणं वेगळं, हुकूम बदलणं वेगळं. मी निर्दोष म्हटलंच नाही, वाक्य नीट वाचा.

यमुनेकाठी:
तुम्ही सगळे 'आनंदी नाव, आनंदी नाव' करताय, पण डॉक्टर आनंदीचं नाव आनंदी नव्हतंच! ती यमुना. नऊ वर्षांची असताना गोपाळरावांशी लग्न झालं, ते तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आणि त्यांनी नाव बदलून आनंदी केलं. बाया कर्वे, म्हणजे कर्व्यांची आनंदीबाई, सुद्धा मुळात गोदू. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, १८९३ ला अण्णांशी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांशी, पुनर्विवाह झाला आणि गोदूची आनंदी झाली. म्हणजे ज्या नावाचा अभिमान धरताय ते दोघींना नवऱ्याच्या घरी मिळालं. यावर बोला की.

माझं स्वतःचं सांगते. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, मला आधी विचारलंही नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. आज बारा वर्षं झाली, सासरी त्या नावाने हाक आली की अजून मागे वळून बघते, दुसऱ्या कोणाला बोलावताहेत का म्हणून. पॅनवर एक, रेशनकार्डावर दुसरं. वडील गेल्यावर वारसनोंदीला एका ऑफिसात तीन वेळा परत पाठवलं, 'ही मुलगी तुम्हीच कशावरून?' बापाची मुलगी असल्याचं अॅफिडेव्हिट करावं लागलं मला!

कऱ्हाडची_आत्या:
अगं पण प्रत्येकीला त्रास होतो असं नाही. मी कुसुमची वैशाली झाले, मला आवडलं बाई. सासऱ्यांनी प्रेमाने ठेवलं होतं. आजकाल सगळ्यातच अन्याय दिसतो तुम्हाला.

यमुनेकाठी:
आत्या, तुम्हाला आवडलं तर आनंदच आहे. पण तुमच्या यजमानांचं नाव बदललं का हो लग्नात? तांदूळ त्यांच्यापुढेही होते की.

शनिवारवाडा१७:
विषय काय आणि चाललंय काय. आता गोपाळरावांना पण व्हिलन करा. त्या माणसाने बायकोला शिकवलं म्हणून आनंदी घडली.

यमुनेकाठी:
शिकवलं, आणि मारलंही. तिनेच पत्रात लिहून ठेवलंय ते. चौदाव्या वर्षी बाळंतपण, मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा डॉक्टर व्हायचं तिच्या मनाने घेतलं. ते श्रेय पण नवऱ्यालाच का?

गुहागरची_लेक:
भांडू नका ना. पण यमुनेकाठी, तुझं वाचून मी पण विचारात पडले. मला वाटायचं नाव तिचंच.

रोझेलहून:
मी न्यू जर्सीत राहते, ज्या गावातल्या कार्पेंटरबाईंनी आनंदीला घरात ठेवून घेतलं त्याच रोझेलमध्ये. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, पण क्षयाने पोखरलेली परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीसही पूर्ण नव्हती. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. मागच्या ऑक्टोबरात मुलीला घेऊन गेले होते. दगडावर 'आनंदीबाई जोशी, एम. डी.' असं आहे, यमुना कुठेच नाही. पण यमुनेकाठी, एक सांगू? कॉलेजात, पत्रांखाली, सही ती आनंदीबाई जोशी अशीच करायची. नाव दिलं नवऱ्याने, कमावलं तिने. आता ते तिच्याकडून काढून घ्यायचं का?

यमुनेकाठी:
...हे मान्य. काढून नाही घ्यायचं. पण यमुना पण सांगा पोरांना, एवढंच म्हणते.

शनिवारवाडा१७:
ठीक आहे. पत्राचं मोडीवेडाने विचारलं ते रास्त आहे, मीही ऐकीवच बोललो. पण राघोबाची बायको संत नव्हती, यावर मी ठाम आहे. बाळाचं नाव आनंदी ठेवायला माझी काही हरकत नाही, नव्हतीच.

मोडीवेडा:
मग एवढा वाद घातलात कशाला.

कऱ्हाडची_आत्या:
पत्रिकेवरून अक्षर कोणतं आलंय पण?

गुहागरची_लेक:
'प' आलंय आत्या. बहीण म्हणतेय अक्षर राहू दे, नाव आनंदीच. काकांनी पोस्ट डिलीट केली आज सकाळी, बोलले काही नाहीत, पण रविवारी बारशाला येतो म्हणालेत.