कॅल्शियमसोबत डी आणि के-२ जीवनसत्त्व घ्यावे का?

वणीकर: आईचे वय ६२ आहे. कंबर दुखते म्हणून तालुक्याला दाखवले, तेव्हा रक्तातील डी जीवनसत्त्व फार कमी निघाले आणि डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी व रोज कॅल्शियमची गोळी सुरू केली. मेडिकलवाले मात्र म्हणतात की, के-२ असलेली गोळी घ्या, नाहीतर कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्यांत साचते. वडिलांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला असून रक्त पातळ ठेवण्याची गोळी त्यांना कायमची आहे. एकच गोळी आणून दोघांनीही घेतली तर चालेल का? शिवाय, जन्मभर उन्हात निंदण केलेल्या बाईला डी कमी पडतेच कसे?

निवृत्त शिक्षक, पुसद: आधी वडिलांचे सांगतो, कारण त्यात धोका आहे. वॉरफरिन किंवा एसिनोकुमरॉल ही औषधे शरीरातील के जीवनसत्त्वाचे कामच रोखतात. वरून के-२ दिले तर औषध निष्प्रभ होऊन व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी धरू शकते. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती गोळी त्यांना मुळीच देऊ नये.

आता आईंविषयी. डी जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते, आणि ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन तयार करण्याचा इशाराही पेशींना तेच देते. पण हे प्रथिन कॅल्शियमला धरून ठेवण्याजोगे होते ते के जीवनसत्त्वामुळे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारे दुसरे एक प्रथिनही के मिळाल्यावरच कामाला लागते. मेडिकलवाल्यांच्या बोलण्याला आधार आहे तो एवढाच. त्यावरून के-२ च्या गोळीने हृदय वाचते असे मात्र सिद्ध होत नाही: डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या व्हॉल्व्हमध्ये कॅल्शियम साचलेल्या पुरुषांना दोन वर्षे के-२ आणि डी देऊन पाहिले, तेव्हा साचण्याचा वेग लक्षणीय कमी झाला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली पुडी आणि गोळी सोडून महागड्या गोळीमागे लागण्याचे कारण मला दिसत नाही.

आर्णीची सून: सरांच्या उत्तराला एक जोड देते. आमच्या सासऱ्यांनाही रक्त पातळ करण्याची गोळी आहे, आणि पालेभाजी पूर्ण बंद करावी लागते असे आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी सांगितले की पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांत के-१ (के जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) भरपूर असते, त्यामुळे या भाज्या एखाद्या आठवड्यात खूप आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाहीत असे करू नये. प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे आणि रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) चुकवू नये.

निवृत्त शिक्षक, पुसद: अगदी बरोबर. उन्हाचा प्रश्न राहिला होता. आपल्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडके बांधतात, आणि उन्हाळ्यात काम सकाळी लवकर व संध्याकाळी उरकतात. डी तयार करणारे किरण दुपारच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि त्वचा उघडी असावी लागते. वय वाढले की त्वचेची ती क्षमताही घटते. वैशाखातल्या दुपारी मात्र मुद्दाम उन्हात बसवू नका, उष्माघाताची भीती मोठी आहे.

वणीकर: वडिलांसाठी के-२ ची गोळी आणणार नाही. आईला मॅग्नेशियमही लागते का?

आर्णीची सून: डी जीवनसत्त्व शरीरात सक्रिय होण्यासाठी मॅग्नेशियम लागते, पण ते ज्वारीची भाकर, तीळ, जवसाची चटणी आणि शेंगदाण्यातून मिळते, मूत्रपिंडाचा आजार असेल तर वेगळी गोळी आपल्या मनाने देऊ नये. तुमच्या गावच्या बोअरच्या पाण्यातील फ्लोराईड तपासून घ्या, यवतमाळ आणि चंद्रपूर भागात ते अनेक ठिकाणी जास्त आहे आणि त्यानेही हाडे व सांधे दुखतात.