‘नॉन्सेन्स व्हर्स’ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: नववीतल्या भाचीने काल विचारलं, "मामी, नॉन्सेन्स व्हर्सला, म्हणजे अर्थाशी मुद्दाम खेळणाऱ्या गमतीच्या कवितेला, मराठीत काय म्हणतात?" मी ‘बडबडगीत’ म्हणून मोकळी झाले, पण रात्रभर ते मनाला लागून राहिलं. बडबडगीत तर ‘आपडी थापडी, गुळाची पापडी’. ते मांडीवरच्या बाळाचं. असल्या कविता लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी एडवर्ड लिअर मांडीवरचा नाही. दुसरा शब्द आहे का?

तिखटमीठ: वात्रटिका. पाडगावकरांनी रुळवलेला शब्द असताना नवा कशाला शोधायचा?

भरतवाक्य: वात्रटिकेत टोमणा असतो, कुणावर तरी नेम धरलेला असतो. लिअरच्या 1846 च्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याच्या दाढीत घुबडं नि चंडोल घरटी करतात, तिथे नेम कुणावर? फार तर ‘लिमरिक’साठी, म्हणजे अशा पाच ओळींच्या गमतीच्या कवितांसाठी, वात्रटिका चालवून घेऊ. गंमत म्हणजे लिअरने स्वतः त्यांना कधी लिमरिक म्हटलं नाही, ते नाव मागाहून चिकटलं. मला ‘निरर्थिका’ सुचतो.

पाटीपेन्सिल: ‘निरर्थिका’ कानाला बरा वाटतो, पण माझी अडचण नेमकी त्यातल्या ‘निरर्थ’शी आहे. सांगते.

लिअर पोटापाण्यासाठी चित्रकार. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून 1873 च्या नोव्हेंबरात तो मुंबईला उतरला. देशभर हिंडला, चित्रं काढली आणि साहेबलोकांच्या बंगल्यांतले शब्द कानावर पडले तसे गोळा केले. त्यांची त्याने ‘द कमरबंड’ नावाची कविता केली. 1874 मध्ये ती छापली आपल्या मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने.

कवितेतली सुंदरी संध्याकाळचा तारा बघत ‘धोबी’वर बसली आहे. बाजूने जाणारे ‘पंखे’ तिच्या रूपाची तारीफ करतात. नदीत सोनेरी परांचे ‘चपराशी’ पोहतात, उंच झाडांवर हिरव्या ‘आया’ बसल्यात, जांभळ्या ‘नाल्यां’ना फांद्या फुटल्यात, ‘भिश्ती’ चिवचिवतात. एवढ्यात ओरडा होतो, "कमरबंद आला!" आणि तो जबडा वासून तिला गिळतो. पुरायला हाडसुद्धा उरत नाही. मग लोक काय करतात, तर तिचा धोबी भिंतीला खिळे ठोकून लावतात!

आता लंडनच्या पोराला हे सगळे चित्रविचित्र प्राणी. मुंबईच्या मडमेला मात्र धोबी कोण ते पक्कं ठाऊक, म्हणून ती खो खो हसणार. ओळी त्याच, पण एकाकडे शब्दाला अर्थ नाही आणि दुसरीकडे आहे तोच भलत्या जागी बसवलाय. मग सरसकट ‘निरर्थ’ कसं म्हणू?

भरतवाक्य: त्यातला ‘मुस्सक’ रात्रभर कण्हत असतो ना? ती भिश्त्याची मशक, पाण्याची कातडी पिशवी. पण मराठी माणसाला ‘मशक’ म्हटलं की संस्कृतातून आलेला डासही आठवणार. रात्रभर कानाशी कण्हणारा डास! लिअरच्या हे स्वप्नातही नसेल. आणि ‘चपराशी’ शब्द उत्तरेकडचा. मुंबईच्या कचेरीत त्याला पट्टेवाला म्हणायचे. भिश्त्यालाही आपल्याकडे पखालजी होताच.

तिखटमीठ: लिअरच्या दुसऱ्या एका कवितेत घुबड नि मांजर ज्या ‘रन्सिबल’ चमच्याने जेवतात, त्याला कुठे अर्थ होता? पुढे कोशवाल्यांनी तो तीन दात्यांचा काटाचमचा करून टाकला. लिअरनेच दुसरीकडे रन्सिबल टोपी नि रन्सिबल मांजरही लिहिलंय. टोपीला कसले दाते?

भरतवाक्य: तसंच ‘अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं’. कडगुलं म्हणजे कडं, हे कळतं. मडगुलं म्हणजे काय ते विचारणाऱ्याला आजीच्या मांडीवरून खाली उतरवलं जायचं. त्या हिशेबाने ‘अडगुलं’ हाच शब्द का नको? बडबडगीत बाळाचं, अडगुलं सगळ्यांचं.

पाटीपेन्सिल: ‘अडगुलं’ आवडला! भाचीला पटवते. पण ही कविता मराठीत आणायची कशी? ‘धोबीवर बसली’ लिहिलं की आपला वाचक म्हणणार, बिचाऱ्या धोब्याला त्रास. म्हणून डाव उलटा टाकला, साहेबाच्या घरातले शब्द घेतले (व्हॅले म्हणजे साहेबाचा खासगी नोकर):

व्हॅलेवरती बसली राणी
मोजत तारे चार,
फांदीवरती लुकलुक करती
हिरवे बटलर फार.

शेवटी ‘टक्सीडो आला!’ हे भाचीचं. इंग्रजी पोशाखात कमरबंड टक्सीडोबरोबर, म्हणजे मेजवानीच्या काळ्या सुटाबरोबर, बांधतात, म्हणून तिला शाबासकी दिली.

तिखटमीठ: व्हॅले चालणार नाही हो. हॉटेलबाहेर गाडी लावतो तो, शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

पाटीपेन्सिल: अरेच्चा! भाचीही हेच म्हणाली. ‘व्हॅलेवरती’च्या मापात बसणारा, कुणाला न कळणारा शब्द असेल तर सुचवा.