१/२०० आणि एफ/८ लावून विसरायचं, मग खोली कुठे गेली?

उजेडवेडा
परवा इथे नवशिक्यांना एक सल्ला मिळाला: "खोलीत फ्लॅश असेल तर शटर १/२००, ॲपर्चर एफ/८, आयएसओ १००. लावा आणि विसरा." (शटर म्हणजे सेन्सर किती सेकंद उघडा, ॲपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती तेज.) खाली धन्यवादांची रांग लागली. खोलीचं काय होणार, हे एकानेही विचारलं नाही. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

रात्री साध्या दिव्यांच्या खोलीत ईव्ही, म्हणजे उजेडाचं माप, पाच-सहाच्या आसपास असतो. वरचं सेटिंग ईव्ही साडेतेराला बसतं. सरळ आठ स्टॉपचा फरक, आणि दर स्टॉपला उजेड निम्मा! दिवे, भिंती, मागे बसलेली माणसं, सगळं काळं. पुढच्याचा चेहरा तेवढा पांढराफटक.

फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीलाही सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास संपतो, १/१२८ ताकदीला तर १/३०००० च्या घरात. म्हणजे शटर १/२०० असो की १/३०, फ्लॅशचा उजेड तेवढाच मिळणार. ॲपर्चर आणि आयएसओ दोन्ही उजेडांवर चालतात, शटर फक्त खोलीच्या उजेडावर. खोली किती दिसावी हे ठरवायची एकमेव स्वतंत्र कळ तीच, आणि तीच खिळवून ठेवायला सांगताय?

मी १/६०, एफ/४, आयएसओ ८०० वरून सुरुवात करतो. खोली एक-दीड स्टॉप खाली राहते, पण दिसते. झोत छतावर मारून बाउन्स केला, म्हणजे परतवला, तरी फ्लॅशला दम लागत नाही. एफ/८ आणि आयएसओ १०० ला जिथे पूर्ण ताकद लागेल, तिथे इथे १/३२ पुरते. पुढच्या फोटोसाठी गन लगेच तयार.

हॉलवाला
तो सल्ला माझाच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. मी पैसे घेऊन कार्यक्रम टिपतो. लोक घरी जाऊन पहिल्यांदा काय बघतात? स्वतःचा चेहरा. मागची भिंत कोणी बघत नाही. १/६० ला नाचणाऱ्या मुलाचा चेहरा फ्लॅशने धारदार येतो आणि बाजूने त्याच चेहऱ्याचं भूत लोंबतं. एका कार्यक्रमात माझ्या मदतनिसाने हाच प्रयोग केला. ग्राहकाने अल्बममधले निम्मे फोटो परत पाठवले. तुमचा ईव्ही त्यांना समजावून सांगायला तुम्ही येणार होतात का?

उजेडवेडा
भूत कधी येतं तेही सांगा ना. हलणाऱ्या माणसावर खोलीचा उजेड फ्लॅशच्या बरोबरीला आला की, किंवा त्याच्या मागे उजळ खिडकी असली की. माणसावरचा खोलीचा उजेड दोन स्टॉप खाली ठेवा, भूत जवळपास दिसेनासं होतं. नाच असेल तर १/१२५ करा. शटर बदलायला मी कुठे नको म्हणतोय? "विसरा" या शब्दालाच माझा विरोध आहे.

जुना_पडदा
रिअर कर्टन सिंक लावा की. फ्लॅश शटरचा दुसरा पडदा बंद होण्याच्या जरा आधी उडतो, त्यामुळे हालचालीची रेघ माणसाच्या मागे पडते, पुढे नाही.

हॉलवाला
रेघ मागे पडली तरी रेघच ती. शिवाय शटर फार हळू करून रिअर लावलं की बटण दाबल्यावर काही क्षणांनी फ्लॅश उडतो आणि तेवढ्यात हसू गेलेलं असतं.

रंगीत_काच
तुम्ही दोघं शटरवर भांडताय, पण मूळ दुखणं रंगाचं आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाही. शटर हळू केलं की पिवळ्या बल्बचा उजेड आत येतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा: फ्लॅश साधारण ५५०० केल्विन, बल्ब २७०० ते ३०००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, फ्लॅशला लावला तर मागची खोली नारिंगी, बल्बला लावला तर चेहरा निळा. फ्लॅशवर जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, चढवा. पूर्ण सीटीओ (गडद नारिंगी जेल) लावून व्हाइट बॅलन्स टंगस्टनला, म्हणजे पिवळ्या बल्बला, न्या. पाऊण-एक स्टॉप जातो, जाऊ दे. जेलशिवाय १/६० चा सल्ला अर्धवट आहे.

उजेडवेडा
रंगीतताई, मागचा पिवळेपणा मला हवा असतो. खोलीत तो होता. पूर्ण सीटीओने सगळं एकसारखं पांढरं केलं तर रात्रीची ऊब कुठे उरते? फार तर अर्धा सीटीओ.

रंगीत_काच
ऊब वेगळी आणि कावीळ वेगळी. खांद्यावर नारिंगी आणि गालावर निळसर पांढरा, असा माणूस तुम्ही प्रत्यक्षात पाहिलाय? माझ्या बहिणीचे असेच फोटो एकाने काढले. कानापासून मागे ती वेगळ्याच रंगाची दिसते. दुरुस्त करायला बसले, तर केसांच्या कडेला रंग सुटा करता येईना.

हॉलवाला
म्हणूनच १/२००! पिवळा उजेड आतच येत नाही, जेल नको, नंतर रंग सुटा करायला मास्क नको.

रंगीत_काच
खोलीच मारून टाकायची, हा रंगावरचा इलाज नाही.

जुना_पडदा
नंतर दुरुस्त करू, या सवयीने वाट लावलीय. आम्ही फिल्मवर काम केलंय. डेलाइट फिल्म भरली की संपलं, म्हणून जेल कायम खिशात असायची.

रंगीत_काच
फिल्मचा विषय इथे आणू नका. दर धाग्यावर तेच. जेल आज लावायची की नाही, एवढंच सांगा.

जुना_पडदा
लावायची, हेच सांगत होतो. ओरडायची गरज नव्हती.

नवखा_०७
मध्येच विचारतो, माफ करा. १/५०० ठेवलं तर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. आणि सायलेंट मोडमध्ये फ्लॅश उडतच नाही.

उजेडवेडा
१/५०० ला पूर्ण सेन्सर एका वेळी उघडा नसतो, पडद्यांमधली फट सरकत जाते. पूर्ण सेन्सर उघडा असेल अशा सर्वांत वेगवान शटरला सिंकची हद्द म्हणतात, बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५०. त्यापुढे हाय स्पीड सिंक लागतो आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. खोलीत त्याची गरजच नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, त्यात बहुतेक कॅमेरे फ्लॅश बंद ठेवतात. मेकॅनिकलवर या.

वीजतार
उजेडवेडा, तुमच्या १/६० मध्येही खोट आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/६० मध्ये पूर्ण आवर्तनं बसत नाहीत, मग एकाच खोलीचे लागोपाठचे दोन फोटो कमी-जास्त उजळ येतात. १/५० ठेवा, दोन आवर्तनं पूर्ण बसतात. १/१२५ ऐवजी १/१००. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे तुमचं १/६० बरोबर.

उजेडवेडा
हा मुद्दा मान्य. १/५० आणि १/१०० लिहून घेतो.

हॉलवाला
बघा, १/२०० ला ही भानगडही नाही. लुकलुकीमुळे फोटोत पट्टे पडले तरी खोली इतकी खाली की ते दिसत नाहीत.

वीजतार
खोली दिसत नाही म्हणून पट्टे दिसत नाहीत. धागालेखकाची तक्रार तीच तर आहे.

हॉलवाला
बरं. पुढच्या कार्यक्रमाआधी रिकाम्या हॉलमध्ये १/१००, एफ/४, आयएसओ ८०० लावून बघतो. ग्राहकाच्या पैशावर करणार नाही. आयएसओ ८०० ला नॉइज (फोटोतले दाणे) वाढला तर इथेच येऊन सांगेन. आणि जेल लावणार नाही.

रंगीत_काच
मग बघूच नका. हॉलमधले दिवे पिवळे असले तर परत येऊन म्हणाल, बघा, खोली घेतली आणि रंग बिघडला.