शब्दचर्चा : वास्तुशिल्प, वास्तुकला आणि स्थापत्य

मूळ प्रश्न

कला आणि वास्तुकला यांच्या नात्याविषयीच्या एका दीर्घ लेखाचे मी संपादन करीत आहे. लेखात ‘वास्तुशिल्प’ हा शब्द वारंवार येतो, पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ बदलतो. एका परिच्छेदात तो इमारतीवर कोरलेल्या मूर्ती आणि नक्षी यांच्यासाठी येतो, पुढच्याच परिच्छेदात कलाकृती म्हणून पाहिलेल्या संपूर्ण इमारतीसाठी येतो, आणि शेवटी इमारती रचण्याच्या विद्येलाच लेखक ‘वास्तुशिल्प’ म्हणू लागतात. शिवाय ‘कला आणि वास्तुकला’ या शीर्षकातले ‘आणि’ मला खटकते. वास्तुकला ही कलाच असेल, तर हे अव्यय नेमके कोणाला कोणाशी जोडते? हे शब्द वेगवेगळे कसे वापरावेत आणि त्यांच्या अर्थांमागे काय इतिहास आहे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

पहिला प्रतिसाद

या गोंधळाचे मूळ ‘शिल्प’ या शब्दाच्या आक्रसलेल्या अर्थात आहे, असे मला वाटते. आज मराठीत शिल्प म्हटले की दगडाची किंवा धातूची मूर्ती डोळ्यांसमोर येते. संस्कृतात मात्र कौशल्याने घडवलेली कोणतीही गोष्ट शिल्पच होती. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ‘आत्मसंस्कृतिर्वाव शिल्पानि’, म्हणजे शिल्पे हा स्वतःवर केलेला संस्कारच होय, असे वचन आहे, आणि तेथे शिल्प हे नाव काही सूक्तांनाही दिलेले आहे. पुढे शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत भूमीची परीक्षा, गावाची आखणी, मंदिराची मापे आणि मूर्तीचे तालमान, म्हणजे अवयवांच्या मापांचे प्रमाण, हे सगळे विषय एकाच छत्राखाली आले. मूर्ती आणि इमारत यांच्यासाठी दोन शास्त्रे असावीत, अशी गरज त्या ग्रंथकारांना भासलेली दिसत नाही.

मराठीत हा जुना व्यापक अर्थ पूर्णपणे लोपलेला नाही, आणि त्याचा उत्तम पुरावा आपण रोज वापरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण ‘राज्यघटनेचे शिल्पकार’ म्हणतो, तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन बसलेला मूर्तिकार कोणाच्याही मनात येत नाही; संपूर्ण रचनेचा आराखडा मनात धरून ती उभी करणारा, असाच अर्थ सर्वांना कळतो. ‘वास्तुशिल्प’ या समासातले शिल्प मुळात याच जातीचे आहे. वाचक मात्र ते आजच्या रूढ, अरुंद अर्थाने वाचतो, आणि म्हणून ‘वास्तुशिल्पे’ असे अनेकवचन दिसले की भिंतीवरच्या मूर्ती शोधू लागतो.

‘स्थापत्य’ची गोष्ट निराळी आहे. ते ‘स्थपती’पासून आलेले आहे. मयमत या जुन्या संस्कृत वास्तुग्रंथात बांधकामाचे चार जाणकार सांगितले आहेत : सर्वांचा प्रमुख स्थपती, दोरीने मापे घेणारा सूत्रग्राही, लाकूड आणि दगड तासणारा तक्षक, आणि तासलेले भाग जोडून उभे करणारा वर्धकी. यांतला ‘तक्ष’ हा धातू आणि ग्रीक भाषेतला सुतारासाठीचा ‘टेक्टॉन’ हा शब्द एकाच कुळातले आहेत. ‘आर्किटेक्ट’ या शब्दाच्या उत्तरार्धात हाच टेक्टॉन आहे, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मुख्य सुतार, मुख्य बांधकाम करणारा असाच होता. तासणे, जोडणे आणि उभे करणे या क्रिया दोन्हीकडे नावाच्या मुळाशी आहेत. सौंदर्याचा स्वतंत्र उल्लेख कोणत्याच नावात नाही, कारण चांगले घडवणे यातच तो गृहीत होता.

आता ‘आणि’विषयी. कला एका बाजूला आणि वास्तुकला दुसऱ्या बाजूला, ही मांडणी फार जुनी नाही. 1746 मध्ये शार्ल बाते या फ्रेंच विचारवंताने संगीत, काव्य, चित्र, शिल्प आणि नृत्य यांना ललित कला म्हटले, आणि वास्तुकलेला वक्तृत्वासोबत वेगळ्या गटात ठेवले. कारण तिच्यात उपयोग आणि आनंद हे दोन्ही हेतू एकत्र येतात. इमारत उपयोगी पडते म्हणून ती पूर्णतः कला नाही, हा संशय त्यानंतर वारंवार डोके वर काढत राहिला. त्याच्या अगदी उलट टोकाला 1919 मध्ये जर्मनीतल्या वायमार येथे बाउहाउस या कलाशाळेची स्थापना करताना वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपिउस यांनी इमारत हेच सर्व दृश्य कलांचे अंतिम ध्येय असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे कामसूत्रातल्या 64 कलांच्या यादीत गीत, नृत्य आणि आलेख्य (चित्रकला) यांच्याबरोबर वास्तुविद्याही आहे. त्यावरून आपण वास्तूला ललित कला मानत होतो, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्याच यादीत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे हीसुद्धा कलाच आहे. एवढेच म्हणता येईल की नंतर आखली गेलेली ही सीमारेषा त्या यादीत नाही.

तेव्हा आपल्या लेखकांना जर चित्र-शिल्पादी कलांशी असलेले नाते अभिप्रेत असेल, तर शीर्षक ‘वास्तुकला आणि इतर दृश्य कला’ असे असावे. ‘इतर’ या एका शब्दाने भूमिका स्पष्ट होते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले. त्याला क्रियापदांची जोड द्यावीशी वाटते, कारण मराठीत हे नाते नामांपेक्षा क्रियापदांतून अधिक स्पष्ट दिसते. आपण घर बांधतो, मूर्ती घडवतो आणि लेणे कोरतो किंवा खोदतो. बांधण्यात भर घालत जायचे असते, कोरण्यात काढत जायचे असते. पहिली वास्तूची रीत आणि दुसरी शिल्पाची, असे ढोबळपणे म्हणता येईल. पण वेरूळच्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यासमोर ही विभागणी टिकत नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, अखंड खडक वरून खाली खोदत कैलास साकार झाला. त्याला शिखर आहे, मंडप आहे, खांब आहेत, मात्र दगडावर दगड रचून उभारलेला असा त्यात एकही खांब नाही. खांब जेथे छताला आधार देताना दिसतो, तेथे तो आणि छत एकाच खडकाचे आहेत. रूपाने ती वास्तू आहे, कृतीने ते शिल्प आहे, आणि ‘वास्तुशिल्प’ हा समास इतका अचूक दुसऱ्या कुठल्या कृतीला लागू पडत असेल असे मला वाटत नाही.

‘लेणे’ या शब्दाकडेही पाहावे. नाशिकच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ हा शब्द डोंगरात कोरलेल्या निवासासाठी येतो, आणि तो संस्कृत ‘लयन’शी जोडला जातो. अंगावर घालण्याचा दागिना या अर्थाचे ‘लेणे’ मात्र परिधान करणे या अर्थाच्या ‘लेणे’ या क्रियापदावरून आलेले आहे. उच्चार एक झाल्यामुळे दोन्ही अर्थ मराठी मनात एकमेकांत मिसळले, आणि डोंगरातली गुंफा हा डोंगराचा अलंकार वाटू लागला. हा मिलाफ सुंदर आहे, पण त्यावरून कोरीव काम म्हणजे सजावट असे समजणे चुकीचे ठरेल.

एखादी मूर्ती वास्तूचा भाग आहे की तिच्यावरची सजावट आहे, हे ठरवण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो : ती काढली तर काय होते, ते पाहावे. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर एरेख्थेऑन या मंदिराच्या एका मंडपाचे छत खांबांऐवजी सहा स्त्रीमूर्तींनी पेलले आहे. त्यांतली एक एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनला नेली गेली, आणि उरलेल्या 1979 मध्ये हवेतल्या प्रदूषणापासून वाचवण्यासाठी संग्रहालयात हलवण्यात आल्या. पण जागा रिकामी ठेवणे शक्यच नव्हते. तेथे प्रतिकृती उभ्या कराव्या लागल्या. अशा मूर्तींना ‘वास्तूवरील शिल्पे’ म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तिसरा प्रतिसाद

ही कसोटी भारापुरती ठीक आहे, मात्र ती पुरेशी नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. अंबरनाथच्या 1060 च्या शिवमंदिराची रचना भूमिज पद्धतीची आहे. या पद्धतीच्या शिखरात मधल्या लतांच्या, म्हणजे पायापासून माथ्यापर्यंत चढणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या, दोन्ही बाजूंना त्याच शिखराच्या छोट्या प्रतिकृती एकावर एक अशा ओळींनी चढत जातात. त्यांतली एखादी तासून टाकली, तर काहीही कोसळणार नाही. पण त्या सगळ्या तासून टाकल्या, तर जे उरेल त्याला शिखर म्हणता येणार नाही; तो नुसता दगडांचा ढीग होईल. येथे नक्षी म्हणजे वास्तूने स्वतःचेच रूप पुन्हा पुन्हा उच्चारणे आहे. म्हणून ‘काढली तर काय होते’ या प्रश्नाला, ‘काढल्यावर ती वास्तू काय म्हणून ओळखली जाईल’, असा दुसरा प्रश्न जोडावा. ‘वास्तूची सजावट’, ‘शोभेसाठी कोरलेले’ असे शब्दप्रयोग करण्यापूर्वी हे तपासले नाही, तर लेखक नकळत असे सांगून बसतो की इमारत आधी तयार झाली आणि कला नंतर तिच्यावर चढवली.

वापराविषयी माझे मत असे. विद्या आणि कला या अर्थाने ‘वास्तुकला’ लिहावे. ‘वास्तुशास्त्र’ टाळावे, कारण लोकव्यवहारात तो शब्द आता दिशा आणि शुभाशुभ यांच्याशी इतका बांधला गेला आहे की वाचक भलतीकडे जातो. ‘यादवकालीन स्थापत्य’ यांसारख्या ऐतिहासिक संदर्भात ‘स्थापत्य’ शोभते. मात्र ‘स्थापत्य अभियांत्रिकी’त तोच शब्द रस्ते आणि पूल यांच्यासाठी रूढ झालेला असल्यामुळे आधुनिक इमारतींविषयी लिहिताना संदिग्धता येते. ‘वास्तुशिल्प’ हे कलाकृती म्हणून पाहिलेल्या इमारतीसाठी राखावे. लेखनाचाही एक मुद्दा आहे : सुटा शब्द ‘वास्तू’ असा दीर्घ, पण तत्सम असल्यामुळे समासाच्या पूर्वपदी ‘वास्तुकला’, ‘वास्तुशिल्प’ असा ऱ्हस्व.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. शीर्षकात ‘इतर दृश्य कला’ असा बदल लेखकांना सुचवतो आहे, आणि मूर्तींविषयीच्या परिच्छेदात ‘वास्तुशिल्पे’ऐवजी ‘मंदिरावरील मूर्तिकाम’ असे करीत आहे. एक शंका राहिली. लेखात एरेख्थेऑनचाही उल्लेख आहे, आणि तिथल्या स्त्रीमूर्तींना लेखकांनी ‘कीचक’ म्हटले आहे. ते योग्य होईल का?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

नाही, असे मला वाटते. आपल्या मंदिरांतले कीचक किंवा भारवाहक यक्ष खांबाच्या माथ्यावर, छताखाली असतात. अंग आखडून, हात वर करून ते भार पेलल्याचे दाखवतात, पण त्यांच्याखाली खांब असतोच. एरेख्थेऑनच्या मूर्ती खांबाच्या जागी, त्याच्या पूर्ण उंचीने, ताठ उभ्या आहेत, आणि त्यांच्या अंगावर ओझ्याची खूण दिसत नाही. लेखात ‘खांबांच्या जागी उभ्या केलेल्या स्त्रीमूर्ती’ असे सरळ लिहावे, आणि ‘कीचक’ हा शब्द आपल्या मंदिरांच्या वर्णनासाठीच ठेवावा.