चर्चा : इंग्रजीसाठी आधी वाचन की आधी व्याकरण? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उंबरठा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली सहा वर्षे संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारी मुले बहुतेक पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची आणि सगळी मराठी माध्यमातून शिकलेली असतात. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आले, म्हणजे या मुलांनी किमान बारा वर्षे इंग्रजीचा विषय घेतलेला आहे. त्यांच्या वह्या काळांच्या तक्त्यांनी आणि प्रयोग बदलण्याच्या सरावाने भरलेल्या असतात.

गेल्या महिन्यात यांतल्या एका मुलाने काळांच्या पन्नास रिकाम्या जागा भरल्या आणि त्यांतल्या सेहेचाळीस बरोबर आल्या. त्याच संध्याकाळी मी फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘द मॅन हू सोल्ड अस द गोट लिव्ह्ज बिहाइंड द मिल.’ त्यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता. त्याने एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाक्य वाचले, ‘गोट’पाशी थोडा थांबला आणि अर्थ सांगितला : “माणसाने आम्हाला शेळी विकली, ती गिरणीच्या मागे राहते.” मी पुन्हा विचारले, “गिरणीच्या मागे कोण राहते?” तो म्हणाला, “शेळी, मॅडम.”

सेहेचाळीस उत्तरे बरोबर येणारा मुलगा अकरा शब्दांच्या वाक्यात अडतो याचा अर्थ मला असा वाटतो, की आपण त्याच्याकडून इंग्रजीचा नव्हे, तर रिकाम्या जागांचा सराव करून घेतला. म्हणून माझे मत असे आहे, की अशा विद्यार्थ्याचे पहिले वर्ष-दीड वर्ष पूर्णपणे सोप्या आणि भरपूर वाचनाला द्यावे आणि व्याकरणाचा स्वतंत्र सराव तोवर बाजूला ठेवावा.

हा विचार नवा नाही. मायकेल वेस्ट हे १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली कितीतरी मुले शाळा मध्येच सोडतात, हे पाहून त्यांनी असा प्रश्न केला, की शिक्षण अर्धवट सुटले तरी मुलाच्या हाती काय उरेल? अर्धवट शिकलेले व्याकरण निरुपयोगी ठरते, पण अर्धवट का होईना आलेले वाचन आयुष्यभर वाढवता येते. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली पायरीपायरीची वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९८० च्या सुमारास फिजी बेटांवरच्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली सुमारे अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तके दिली. ती मुले वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या पुढे गेलीच, पण दुसऱ्या वर्षी त्यांचे लेखन आणि व्याकरणही सुधारलेले दिसले. त्या मुलांची मातृभाषाही इंग्रजी नव्हती.

जुनी पाटी

उंबरठाताई, मी एकतीस वर्षे सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. आपल्या तळमळीबद्दल मला आदर आहे, तरीही आपल्याच उदाहरणावरून मी नेमक्या उलट निष्कर्षाला येतो. त्या मुलाला सगळे शब्द येत होते आणि तरी अर्थ लागला नाही. मग जे कमी पडले ते व्याकरण नव्हे तर दुसरे काय?

तो का चुकला ते पाहावे. मराठीत हेच वाक्य आपण ‘ज्या माणसाने आम्हाला शेळी विकली, तो गिरणीच्या मागे राहतो’ असे म्हणतो. ‘ज्या’ आणि ‘तो’ ही जोडी वाक्याचे दोन्ही तुकडे स्पष्ट वेगळे करून दाखवते. त्यावर ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कोणी विकली आणि कोणाला विकली ते सांगतात, त्यामुळे मराठीत शब्दांची जागा हलली तरी अर्थ हलत नाही. इंग्रजीत नामांना ना तो प्रत्यय, ना ती जोडी. तिथे शब्दाची जागा हीच विभक्ती. मराठी कानाला ‘गोट लिव्ह्ज’ हे दोन शब्द शेजारी ऐकू आले आणि त्याने शेळीला गिरणीमागे नेऊन बांधले. क्रियापदाचा ‘एस’सुद्धा त्याच्या मदतीला येऊ शकला नाही, कारण माणूसही एकवचनी आणि शेळीही एकवचनी. हे पाच मिनिटांत फळ्यावर, मराठीशी तुलना करून समजावता येते. त्याऐवजी दीड वर्ष वाचून ते आपोआप उमगेल म्हणून वाट पाहणे हा त्या मुलाच्या वयावर अन्याय आहे.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. वाचणारा अर्थाच्या मागे धावतो आणि अर्थ लागला की पुढे जातो. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना मराठीत जागाच नाही. वाचताना ती गाळली तरी गोष्ट समजते, म्हणून डोळा त्यांच्यावरून घसरतो आणि लिहिताना ती नेमकी चुकतात. ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ या मराठी वाक्यामागोमाग ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य येते, कारण आपला एकच ‘पासून’ इंग्रजीतल्या ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ या दोघांचे काम करतो आणि आपला साधा वर्तमानकाळही तिथे चालतो. ही चूक मी पदवीधरांच्या अर्जांत पाहिली आहे, आणि त्यांत भरपूर वाचणारेही होते. कॅनडातल्या काही शाळांत इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बरेच विषय फ्रेंचमधून शिकवत. ती मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकत-वाचत होती, समजही उत्तम होती, पण त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका तशाच राहिल्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली हे मांडले आणि भाषा स्वतः घडवण्याचा सराव हवा असे सांगितले. पुढे २००० साली नॉरिस आणि ऑर्टेगा या संशोधकांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हाही नियम उघड करून शिकवण्याचा परिणाम अधिक ठळक दिसला.

आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले. त्या पद्धतीला आज नावे ठेवतात, पण मराठी वाक्य इंग्रजीत नेताना दोन्ही भाषांचे सांगाडे समोरासमोर येत असत आणि चूक कुठे होते ते हाताला कळत असे.

उंबरठा

सर, ‘शब्दाची जागा हीच विभक्ती’ हे आपले म्हणणे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. त्या एका वाक्यापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण हे त्या मुलाला बारा वर्षांत कोणी का सांगितले नाही, हा माझा प्रश्न आहे. ज्याला आपण सगळेजण ‘व्याकरण घेणे’ म्हणतो त्यात जागेचा विचार जवळजवळ नसतोच. असतात ते बारा काळ, कर्मणी-कर्तरी आणि वक्त्याचे शब्द बदलून लिहिणे. आपण ज्या जाणतेपणाने तुलना केलीत ती करणारे शिक्षक किती आहेत? बाकीच्या वर्गांत व्याकरणाचा तास म्हणजे रिकामी जागा, चार पर्याय आणि शेवटी उत्तरांची यादी.

आणि समजावून सांगितल्याने ते वाक्य समजेल, पण तसे पुढचे वाक्य आपसूक समजायला ती रचना डोळ्यांखालून शेकडो वेळा जावी लागते. पाच मिनिटांचा नियम डोक्यात राहतो, वाचताना तो आठवायला वेळ नसतो. दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरचा प्रकल्प चालवला. तिथे व्याकरणाचे धडे न देता मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशा गोष्टींवरची कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली जात. त्या मुलांचे व्याकरण कोसळले नाही. संदर्भात अर्थ लावून उत्तर द्यायचे होते तिथे ती मुले पुढे होती.

सरळरेघ

याच प्रकल्पाच्या मूल्यमापनात वाक्यरचनेच्या सुट्या, पर्यायी उत्तरांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले पुढे होती, हेही सांगायला हवे. कारण आमच्यासमोर जे विद्यार्थी येतात त्यांना नेमकी तीच चाचणी द्यायची असते.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या तयारीचे वर्ग घेतो. गावाकडून आलेला मुलगा, वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून दोन वर्षांचा खर्च पाठवलेला, सहा जणांत एक खोली आणि डोक्यावर वयाची अट. त्याला मी दीड वर्ष गोष्टी वाच असे कोणत्या तोंडाने सांगू? प्रश्नपत्रिकेत शब्दयोगी अव्ययावर प्रश्न येतो, वाक्यातली चूक ओळखायची असते, आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तराला गुण वजा होतात. व्याकरणाचा सराव हे त्याच्या हातात असलेले एकमेव असे काम आहे, ज्यात मेहनतीच्या प्रमाणात गुण वाढताना दिसतात. वाचनाने भाषा येते यावर माझा विश्वास आहे, पण ते बी पेरून वाट पाहण्याचे काम आहे. ज्याच्या घरात आज धान्य नाही त्याला ते सांगताना माझी जीभ अडखळते.

कृष्णाकाठ

मी सांगलीजवळच्या एका गावातल्या वाचनालयाचे काम पाहते आणि मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचे आहे : वाचायचे काय?

पानावरचे शंभरांतले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे असतील तर कोणाच्या मदतीशिवाय नीट अर्थ लागतो, असे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम सांगते. तीनशे शब्दांच्या पानावर सहाच अनोळखी शब्द. साध्या कादंबरीसाठी किंवा वर्तमानपत्रासाठी त्यांनी शब्दकुलांचा (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कुल) जो हिशेब मांडला तो आठ-नऊ हजारांच्या घरात जातो. आमच्याकडे येणाऱ्या मुलाला दीड-दोन हजार शब्द येत असतील तर पुष्कळ. त्याच्या हाती सरसकट इंग्रजी वर्तमानपत्र दिले जाते, कारण ‘रोज इंग्रजी पेपर वाच’ हा प्रत्येक वडीलधाऱ्याचा सल्ला असतो. मी अशी मुले रोज पाहते. पहिल्या पानाच्या एका बातमीत पंधरा शब्दांखाली पेन्सिलीने रेघा, त्यांचे अर्थ समासात बारीक अक्षरांत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा. आठ-दहा दिवसांनी तो मुलगा त्या टेबलाकडे फिरकत नाही. तो वाचन करत नव्हता, शब्दकोश उतरवून काढत होता.

भाषा सोपी असलेली पुस्तके आमच्या कपाटात आहेत, पण ती ससा आणि कासवाची आहेत. एकोणीस वर्षांचा, मिशी फुटलेला मुलगा चारचौघांत ते पुस्तक उघडायला लाजतो, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रौढांसाठी ठरावीक शब्दांत लिहिलेली पायरीची पुस्तके मिळतात, पण पन्नास-साठ पानांच्या पुस्तकाची किंमत पाहून आमची समिती हात आखडते. म्हणून उंबरठाताईंचा मार्ग मला मनापासून पटत असला, तरी तो जिथे पुस्तके आहेत तिथला मार्ग आहे. व्याकरणाचे एक पुस्तक दहा जण वापरतात. वाचनाला दहा जणांना शंभर पुस्तके लागतात.

आम्ही गेल्या वर्षी एक गोष्ट करून पाहिली. गावातल्या घटना, म्हणजे कारखान्याचा हंगाम सुरू होणे, पूर आला तेव्हा नावेतून काढलेली जनावरे, यात्रेतली कुस्ती, यांवर एका निवृत्त शिक्षिकेने प्रत्येकी एक-दोन पाने अगदी सोप्या इंग्रजीत लिहिली. गोष्ट मुलांना आधीच ठाऊक असल्याने शब्द अडला तरी अर्थ अडत नाही. अशी एकवीस पाने झाली आहेत. छायाप्रती काढून ती टेबलावर ठेवली, तर पुराचे पान सर्वांत आधी फाटले.

जुनी पाटी

कृष्णाकाठ, ती पाने मला पाहायला आवडतील. अशा पानावर मी एक करीन. आधी गोष्ट वाचून होऊ दे, मग त्याच पानावरच्या तीन वाक्यांत ‘द’ का आला आणि एका वाक्यात ‘अ’ का आला, एवढेच विचारीन. नियम बाहेरून आणण्यापेक्षा वाचलेल्या वाक्यातून काढला तर तो मुलाचा होतो. मात्र तो काढायलाच हवा, हा माझा आग्रह कायम आहे.

मागचा बाक

मी यांपैकी कोणाचा विद्यार्थी नाही, पण शेळी गिरणीमागे नेणारा मुलगा मीही असू शकलो असतो. नांदेड जिल्ह्यातला आहे, बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे. दोन्ही बाजू वाचून मला जे जाणवते ते लिहितो.

व्याकरणाच्या वहीत बरोबर आल्यावर मला बरे वाटते, हे खरे आहे. सरळरेघ सर म्हणतात तसे तिथे मेहनतीचे फळ दिसते. पण मी इंग्रजी शिकतो आहे असे मला त्या वहीने कधीच वाटले नाही. ते पहिल्यांदा वाटले ते खताच्या पोत्यावरची सूचना वाचताना. आमच्या पोत्यावर मराठी मजकूर पुसट झाला होता, वडिलांनी विचारले आणि मी खालचा इंग्रजी मजकूर वाचून सांगितला. ‘कीप अवे फ्रॉम मॉइश्चर’मधला शेवटचा शब्द मला येत नव्हता, तरी पोते कशापासून दूर ठेवायचे ते समजले. त्या दिवसापासून मी बियाण्यांची पाकिटे, औषधांच्या बाटल्या, मोटारीच्या पंपाची पुस्तिका असे घरातले सगळे इंग्रजी वाचत आलो.

पण जुनी पाटी सरांचे म्हणणेही मला लागू पडते. या सगळ्या सूचना आज्ञार्थी असतात. ‘ठेवा’, ‘मिसळा’, ‘फवारा’. त्यांत ‘हू’ नसतो, ‘सिन्स’ नसतो. म्हणून दोन वर्षे वाचूनही मला लांब वाक्य लागत नाही. मी आज शेळीचे वाक्य वहीत उतरवले आणि तसेच दुसरे स्वतः करून पाहिले : ‘द बॉय हू ब्रॉट द बॅग रीड्स द लेबल.’ पिशवी काही लेबल वाचणार नाही, त्यामुळे इथे चूक झालीच नसती, हे लिहून झाल्यावर लक्षात आले. मग ‘बॉय’च्या जागी ‘मॅन’ आणि ‘बॅग’च्या जागी ‘बॉय’ घातला. आता खरोखर थांबून, जागा पाहून ठरवावे लागते. असे आणखी नऊ करणार आहे. कृष्णाकाठच्या ताईंना विनंती आहे, की पुराचे पान कोणत्या पत्त्यावर मागवायचे ते कळवावे, छायाप्रतीचे पैसे मी पाठवीन.